स्मुर्णेचं ताट

शब्बाथ शाळेत आत्या आम्हाला पॉलिकार्प सांगायची,
दरवर्षी, फेब्रुवारी संपत आला की.
भिंतीपलीकडे टॉवेलचे माग खडखडत असायचे,
म्हणून ती ओरडूनच सांगायची,
आणि आम्हाला वाटायचं, संत ओरडूनच बोलत असणार.

आम्हा पोरांना फक्त जाळ हवा असायचा.
शहाऐंशी वर्षांचा म्हातारा, लाकडांच्या ढिगावर;
खिळे नकोत म्हणाला, मी हलणार नाही.
जाळ शिडासारखा फुगला आणि त्याच्याभोवती उभा राहिला.
एलिया म्हणाला, आत्या, किती डिग्री असेल?
सोलापूरच्या पोराचा प्रश्न.
चव्वेचाळीसपर्यंत आम्हाला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं.

आत्या जाळापाशी घाईत पोचायची, घाईतच निघायची.
तिचा जीव आदल्या रात्रीत रमायचा:
त्याला धरायला शिपाई येतात,
आणि तो जिना उतरून म्हणतो, आधी यांना जेवायला वाढा.
"काय वाढलं असेल?" ती स्वतःलाच विचारायची.
"भाकरी असेल. शेंगाची चटणी नसणार बिचाऱ्यांकडं,
स्मुर्णेत कुठली मिळायला."
आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी, सत्तर फूट रोडच्या आतल्या गल्लीत,
रात्री साडेनऊला दोन पोलीस दारात आले.
कुणीतरी लिहून दिलं होतं:
या घरी दर बुधवारी माणसं जमतात,
गाणी म्हणतात, डोळे मिटतात.
खरंच होतं ते. चौदा माणसं आणि भाता फाटलेली एक पेटी.

मी काय केलं ते सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी.
मी आतल्या खोलीत गेलो,
भिंतीवरचं वचनांचं कॅलेंडर काढलं,
गादीखाली सारलं
आणि वर बसलो.
मंडळीचा खजिनदार, वय सत्तेचाळीस.

बाहेर आत्या होती. ब्याऐंशीची.
कांड्या भरण्यात चौतीस वर्षं गेलेली,
डावा कान गिरणीनं ठेवून घेतलेला.
"काय म्हणलालाव?" तिनं तीनदा विचारलं.
हवालदार बिराजदारांनी तीनदा सांगितलं,
दर वेळी आवाज आणखी खाली.
असलं काही मोठ्यानं सांगायला माणसाला जड जातं.
"बरं," ती म्हणाली. "ड्युटी कधी लागली?"
"सकाळी आठला."
"मग जेवला नसाल. बसा की."

कडक भाकरी, चटणी, वर दही.
धाकट्या शिपायानं बूट काढले. मोज्याला भोक होतं.
दुसऱ्यांदा चटणी त्यानं स्वतःहून मागितली.
मग आत्या म्हणाली, घटकाभर द्या, येते.
गुडघे वाकत नाहीत तिचे. बाजेवरच हात जोडले,
आणि एकेकाला नावानं पुढं उभं केलं:
नळाला पाणी सोडणारा अंबाजी,
गिरणीला कुलूप लावलेला मॅनेजर,
बिराजदारांची लेक, तिची दहावी (हे जेवताना कळलेलं),
मल्लिनाथ, त्याचा दुखरा गुडघा,
ज्याचं अक्षर त्या अर्जावर आम्ही सगळ्यांनी ओळखलं होतं.
बहिऱ्या माणसाची प्रार्थना. गल्लीभर ऐकू गेली.
माझं नाव आलं
तेव्हा मी गादीवरून उठलो.

चमत्कार वगैरे काही झाला नाही.
चौकीत तिला दीडपर्यंत बाकावर बसवलं, मीही बसलो.
जबाब लिहिला, सही घेतली.
बुधवार दोन महिने बंद होता.
आता अकरा येतात. तीन परत आले नाहीत,
आणि त्यांच्याबद्दल बोलायचं तोंड मला नाही.

लहानपणापासून मी जाळाचीच तयारी करत आलो,
मी हलणार नाही, हे मनात घोकत.
जाळ काही आला नाही.
दारात दोन उपाशी माणसं आली,
आणि त्याचा अभ्यास मी केलेला नव्हता.

कॅलेंडर परत टांगलंय.
घडी नेमकी वचनावरून गेलीय.
वाचता येतं,
मध्ये थोडं थांबावं लागतं.